पांढऱ्या मातीचं वजन

माझ्या टेबलासमोर कुणी खुशीत उभं राहिल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या जन्ममृत्यूच्या खिडकीवर निदान अर्धे लोक पेढे घेऊन यायचे. आमच्या बांधकाम परवानगीच्या टेबलाशी येणारा माणूस आधीच चिडलेला असायचा, नाहीतर जाताना चिडायचा. जागा माझी, विटा माझ्या, मग घर बांधायला तुम्हाला का विचारायचं, हा सवाल मी नोकरीभर ऐकला. माझं उत्तर ठरलेलं होतं: घर तुमचं असलं तरी पडताना ते शेजाऱ्यावरही पडतं. हे ऐकून समाधानाने परत गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियरच्या खालचा, गवंड्याच्या वरचा आणि दोघांचीही बोलणी खाणारा माणूस. नकाशा तपासायचा, जागेवर टेप टाकायची, जोतं वर आलं की बघायचं आणि घर पुरं झाल्यावर राहायला जाण्याचा दाखला द्यायचा, एवढंच काम. त्यात गंमतही असायची. एका गृहस्थांचा नकाशा कागदावर अगदी चोख बसत होता, पण जागेवर प्लॉट कमी भरला. कशाने मोजला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मंडळींच्या लुगड्यानं. नऊवारी हाय की." ते लुगडं मी मागवलं आणि त्यालाच टेप लावली. ते नऊ वार नव्हतंच. गृहस्थ तसेच उठले आणि माझ्याऐवजी कापडवाल्याशी भांडायला गेले. असे दिवस थोडे.

बाकीच्या दिवशी आम्ही लोकांना नाही म्हणायचो. याला कारण आमची नियमावली. ती कुणी लिहिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दगडाचं घर होतं हे नक्की. बाहेरची भिंत दीड फूट जाड हवी, खोली साडेदहा फूट उंच हवी. चिखलात दगड रचायचे असतील तर भिंत जाड लागते, हे खरंच. पण विटा सिमेंटमध्ये बांधल्या तर नऊ इंचांची भिंतही छप्पर बिनतक्रार पेलते. नियमावलीला सिमेंट ठाऊकच नव्हतं. त्यामुळे ज्याची ऐपत दीड फुटाची तो कायदेशीर, आणि ज्याची नऊ इंचांची तो चोर. हे चोर दिवाळीच्या सुट्टीत घरं बांधायचे. कचेरी चार दिवस बंद, आणि उघडून बघावं तर गल्लीच्या गल्ली उभी. पाडायचं म्हटलं तर किती पाडणार?

मल्लप्पा हा असा चोर व्हायला तयार नसलेला माणूस होता. मूळचा दुधनीकडचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. सायकल बाहेर भिंतीला टेकवून आत यायचा आणि पायजम्याला लावलेला चिमटा तसाच ठेवून उभा राहायचा. त्याचा अर्ज मी एकदा नव्हे, तीनदा फेटाळला होता. बायको शरणव्वा कडक भाकरी करून खानावळींना आणि दुकानांना घालायची. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पापडासारखी कडकडीत होईतो आचेवर वाळवायची, म्हणजे चूल सकाळपासून पेटलेली. भाड्याच्या घरात मालकाने धुराची कटकट करून त्यांना दोन वेळा बाहेर काढलं होतं. तिला एक मोठी खोली हवी होती, चार बायका ओळीने बसून भाकरी थापतील एवढी. मल्लप्पाचं सगळं आयुष्य त्या एका खोलीशी येऊन थांबलं होतं.

"सायेब, न्हाय म्हनायचं तर म्हना," तो एकदा मला म्हणाला, "पर चोरून बांधलं तर तितं तिला रोज दाराकडं बघत भाकरी थापावी लागंल. तसलं घर मला नको."

मला काही करता येत नव्हतं. मी त्याला चहा पाजला.

पुढे दिल्लीहून एक जाडजूड पुस्तक आलं. देशभर घरं कशी बांधावीत याची मानकं त्यात होती, आणि प्रत्येक गावाने आपले नियम त्याच्याशी जुळवून घ्यावेत, म्हणजे घरं स्वस्त होतील, अशी सूचना सोबत होती. आमच्या मुख्य साहेबांनी ते पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. साहेब वाईट नव्हते. सही करण्याआधी ती आपल्या अंगाशी येईल का एवढं मात्र बघायचे.

आमची नियमावली फुटात आणि दिल्ली मीटरात. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला दुसरं असं ठेवून मी ओळीला ओळ लावत बसलो. कुठे दिल्ली आमच्यापेक्षा कडक, कुठे सैल. आमच्याकडे छपराच्या पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडावं यावर पानभर मजकूर होता, दिल्लीला त्याची फिकीर नव्हती. दिल्लीत बर्फाच्या वजनाचा विचार केलेला होता. सोलापूरच्या छपरावर बर्फ किती साचेल हे मी विनोद म्हणून साहेबांना विचारलं, पण ते हसले नाहीत. मुख्य लढाई भिंतीची आणि उंचीची होती. उंची दीड फूट खाली आली की चारही भिंतींच्या किती विटा वाचतात हे मी मल्लप्पाच्याच नकाशावर मांडून दाखवलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि मिळालेल्या पोत्यांत ज्याचं घर अर्ध्यावर थांबायचं त्याचं आता पुरं होणार होतं. शेवटी असं ठरलं की सरकारी मंजुरी येईपर्यंत अक्कलकोट रोडकडच्या एका नव्या वसाहतीत हे नियम प्रयोग म्हणून लावायचे. प्रयोग फसला तर मागचं पुन्हा चालू, ही ओळ साहेबांनी स्वतःच्या हाताने घातली.

पहिला दाखला मल्लप्पाला मिळाला. नऊ इंचांच्या भिंती, नऊ फूट उंची, वर सिमेंटचा पातळ स्लॅब. काम मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. सळ्या पुस्तकात होत्या तशा, सिमेंटचं प्रमाण बरोबर, पाणी मारणंही नीट. पौष महिन्यात त्यांनी घरभरणी केली. मला पुरणपोळी वाढताना शरणव्वा आपल्या कानडी वळणाने म्हणाली, "कूडरी सायेब, बसा, सावकाश जेवा. आता कोन उठवनार न्हाय." खोली छान गार होती. मी वर स्लॅबकडे पाहिलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. वसाहतीतल्या उरलेल्या प्लॉटवाल्यांनी अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी रांग लावली.

वैशाखात वळवाचा एक पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी मल्लप्पा कचेरीत आला. चिमटा पायजम्याला तसाच. आवाज मात्र खाली गेलेला.

"सायेब, स्लॅब वाकला हाय."

मी त्याच्या सायकलीमागे माझी सायकल हाणत गेलो. आत जाऊन पाहतो तर स्लॅबला मधोमध झोल आलेला आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भेग. चूल विझवलेली होती. शरणव्वा बाहेर कडुनिंबाखाली परातीवर हात ठेवून बसली होती. मी सळ्या आठवल्या, वाळू आठवली, सगळं मनात पुन्हा तपासलं, आणि चूक सापडेना. मग मी शिडी लावून वर चढलो. वर पाय ठेवला तो बुटासकट रुतला.

स्लॅबवर वीतभर पांढरी माती घातलेली होती.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर गावठाणातली पांढरी माती चोपून बसवलेली. ही माती पाणी खाली झिरपू देत नाही आणि ऊनही अडवते. दरवर्षी पावसाच्या तोंडावर नवी पांढरी आणून पसरायची, हे घरधन्याचं ठरलेलं काम. ज्याच्या छपरावर माती नाही त्याचं घर पुरं झालं असं दुधनीत कुणी मानत नाही. मल्लप्पाने चैत्रात गावाहून गाड्या भरून पांढरी आणली आणि बापाने शिकवली तशी घातली. वळवाचं पाणी तिने पिऊन घेतलं. ओल्या मातीचं ते ओझं पेलायला तो स्लॅब केलेलाच नव्हता. दिल्लीच्या पुस्तकाप्रमाणे वर चार माणसं चालतील, कपडे वाळत घालतील, एवढाच भार धरायचा होता.

"मल्लप्पा, माती कुणी घालायला सांगितली?"

"सांगायचं काय त्यात?" त्याने खरंच न कळून विचारलं. "माती कोन सांगून घालतंय व्हय?"

त्याचं बरोबर होतं. अर्जात छपरावर काय घालणार असा रकाना नव्हता, आणि असता तरी त्याने तो कोराच सोडला असता. दारावर तोरण बांधणार का, असं कुणी अर्जात विचारतं का?

त्या दुपारी शेजारच्या लोकांनी घमेली हातोहात देत माती उतरवली. आतून मी बल्ल्यांचे टेकू लावून घेतले. ओझं उतरलं तसा झोल थोडा वर आला, भेग मात्र राहिली. शरणव्वा सगळा वेळ नुसती बघत होती. शेवटचं घमेलं खाली आलं तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"माती काढली तुमी. आता ऊन कोन काढनार?"

मी म्हटलं, आधी जीव वाचू द्या.

"जीवाचंच म्हन्ते की. वर सूर्याची चूल, खाली माजी. मदी मी. फाल्गुनात एक बाई चक्कर येऊन पडली, मग मीच ह्येंच्या मागं लागून माती घालायला लावली."

कचेरीत बातमी माझ्या आधी पोचली होती. साहेबांनी मला उभंच ठेवलं. त्यांचं ठरलेलं होतं: घर धोकादायक म्हणून पाडायची नोटीस काढायची, वर लिहायचं की प्रयोग फसला, आणि यापुढे स्लॅबवर माती घालायला बंदी.

मी म्हणालो, "साहेब, स्लॅब फसलेला नाही. त्याला सांगितलं होतं तेवढं त्याने पेललं. मातीचं कुणी सांगितलंच नव्हतं. खोलीच्या मधोमध एक भिंत घातली तर स्लॅबचा पल्ला निम्मा होईल, घर वाचेल."

"आणि माती?"

"ती पुन्हा घालणार."

"मग बंदी घाला ना, अहो."

"दिवाळीच्या सुट्टीत घालतील."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. नोटीस टेबलावर टाइप होऊन पडलेली होती, फक्त सही बाकी. मी एकच विनंती केली की सही करण्यापूर्वी जागा पाहावी, आणि दुपारी पाहावी. जागा पाहणं नियमातच होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

मल्लप्पाला मी आधी निरोप धाडला नाही. आम्ही पोचलो तेव्हा बल्ल्यांच्या टेकूंमध्येच शरणव्वाने चूल पेटवली होती, कारण खानावळींना भाकरी चुकवून चालत नाही. टेकू लावल्यापासून मल्लप्पा कामावर गेला नव्हता, कोपऱ्यात बसून वर बघत होता. साहेबांना पाहून तो उठला. साहेब टेरेलिनच्या शर्टात दारात उभे राहिले. शरणव्वाने हात न थांबवता पाट सरकवला.

"बर्री. कूडरी."

साहेब बसले. मी बसलो. माती काढलेला तो उघडा स्लॅब डोक्यावर तापला होता. हात वर केला तर तळव्याला झळ लागत होती, आणि समोर चूल. घाम गळ्यावरून खाली उतरायला लागला. साहेबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. शरणव्वाने एक गरम कडक भाकरी मोडून शेंगाचटणी घालून पुढे ठेवली. ती नाकारणं साहेबांना जमलं नाही. भाकरी अर्धीही झाली नसेल, तोच ते उठले आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. भाकरी हातातच होती.

मी मागोमाग गेलो.

"ही बाई माती घालणारच," साहेब म्हणाले.

"घालणारच, साहेब."

"मी असतो तरी घातली असती." त्यांनी उरलेला तुकडा तोंडात टाकला. "मातीचं वजन धरा. नियमातच धरा. मालकाने मागो न मागो."

साहेबांनी आयुष्यात अंगाशी येऊ शकेल अशी जी एक गोष्ट केली, ती ही. टाइप केलेली नोटीस त्यांनी माझ्यादेखत फाडली.

असा आमचा तो नियम तयार झाला: या शहराच्या हद्दीत प्रत्येक स्लॅबचा हिशेब वर चार इंच ओली माती आहे असं समजून करावा. वीतभर धरली असती तर कुणालाच परवडलं नसतं, आणि ऊन अडवायला चार इंच पुरत होते. मंजुरीसाठी वरच्या कचेरीत गेलो तेव्हा तिथल्या एका तरुण इंजिनियराने विचारलं की मालकाला माती घालायची नसेल तर हा जादा खर्च त्याच्या माथी का? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आज नसेल घालायची, वैशाखात घालायची असेल. तो हसला आणि कलम राहिलं. बाकी भिंत आणि उंची दिल्लीची, छप्पर आमचं. देशाचं आणि गावाचं जुळवणं म्हणजे काय, असं मला पुढे कुणी विचारलं की मी हेच सांगायचो.

पण फुकट काही झालं नाही. सळ्या वाढल्या, सिमेंट वाढलं. रांगेतल्या काही जणांच्या खर्चाचा मेळ जेमतेम बसत होता, तो या चार इंचांनी मोडला. त्यातले दोघे पुन्हा माझ्या टेबलाशी आले नाहीत. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या प्लॉटवर पत्रे दिसले. मी तिकडून जाताना सायकल जोरात मारायचो. आजही मला ते आठवलं की वाईट वाटतं, आणि आजही त्या कलमाला दुसरा पर्याय मला सुचलेला नाही.

मल्लप्पाच्या घरात मधली भिंत घालायची वेळ आली तेव्हा शरणव्वा नकाशावर वाकून बसली. नकाशा कळत नव्हता, पण खोली दोन होणार हे कळत होतं. चार बायकांची ओळ आता बसणार नव्हती, दोन इकडे आणि दोन तिकडे. ती एवढंच म्हणाली, "भिंत घाला. पर मदी खिडकी ठेवा, भाकरीची पाटी हिकडून तिकडं जाईल येवढी." खिडकीवर मजबूत पट्टी टाकून मी ती दिली. त्यानंतर मला त्या घराकडे जायचं कारण उरलं नाही. वर्षातून एकदा मल्लप्पा संक्रांतीला कडक भाकरींची चवड टेबलावर ठेवून जायचा. घर कसं आहे म्हटलं की म्हणायचा, "तुमी कायम थंडीतच इचारता, सायेब. येकदा वैशाखात या की."

त्या दशकाच्या शेवटी मी निवृत्त झालो आणि पहिल्याच वैशाखात सायकल काढून गेलो. दुपारची वेळ. भिंतीतल्या खिडकीतून पाटी इकडून तिकडे जात होती. चूल पेटलेली होती, तरी बसवत होतं. मल्लप्पा म्हातारा दिसायला लागला होता. मी वर पाहिलं. भेग चुन्याने भरलेली, पण माहीत असणाऱ्याला दिसावी अशी होतीच.

"ती भेग मी न्हाय बघत," शरणव्वा भाकरी उलटत म्हणाली. "ह्ये बघतात. दर पावसात, रातभर. मी म्हन्ते सायबानं भिंत घातलीया, झोपा. तर म्हन्तात, पैल्यांदाबी सायबानंच बघितलं हुतं."

मी शिडी मागितली. वर गेलो, काडी घेऊन माती चार-सहा ठिकाणी खोचून पाहिली. नियमात चार इंच होती, तिने सहा घातली होती. मला हसू आलं. ती मधली भिंत आखताना मी हिशेब आठ इंचांचा केला होता, आणि ते साहेबांनाही सांगितलं नव्हतं.

मी खाली उतरलो तेव्हा मल्लप्पा शिडीचा पाय धरून उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मातीने भरलेल्या काडीकडे.

"सायेब, आता वर न बघता झोपू का?"

"झोपा," मी म्हणालो.